भुसावळ-जळगाव अप-डाऊनसाठी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, त्याची सगळी हकिकत

मी भुसावळला राहते आणि जळगावच्या एमआयडीसीत एका चटईच्या कंपनीत अकाउंट्सला आहे. सहा वर्षं रेल्वेनं अप-डाऊन केलं. भुसावळकरांना हे वेगळं सांगायला नको, पास काढायचा, ठरलेला डबा, ठरलेल्या बायका, कोणी मेथी निवडतंय, कोणी शाळेचे पेपर तपासतंय, अर्ध्या तासाच्या आत जळगाव. तो प्रवास मला मनापासून आवडायचा, अजूनही आठवण येते. अडचण होती ती स्टेशनच्या पुढे. स्टेशनवरून एमआयडीसी म्हणजे शेअर रिक्षा, ती भरेपर्यंत थांबा, मग गेटपासून आत चालत. त्यात २०२४ च्या दिवाळीनंतर आमचं टायमिंग साडेनऊचं साडेआठ झालं आणि त्या वेळेला जुळणारी गाडी मला घरून फारच लवकर काढायला लावायची. संध्याकाळी तर सुटायचं काही खरंच नाही, जीएसटी रिटर्नचे दिवस असले की साडेसात. घरातून निघाल्यापासून खुर्चीवर बसेपर्यंत पावणेदोन तास जायचे. रस्त्यानं घर ते कंपनीचं गेट मोजून २३ किलोमीटर आहे.

दोन महिने नवऱ्याची जुनी पेट्रोल स्कूटर नेली (तो दीपनगरला कामाला असतो, शिफ्टला मित्राबरोबर जातो म्हणून गाडी रिकामी होती). हायवे आता चौपदरी आहे, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत पोचायचे. पण महिन्याला पेट्रोल २८०० रुपयांचं. तेव्हा पहिल्यांदा घरात इलेक्ट्रिकचा विषय निघाला.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण लोक विचारतात तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो, "किती वाचले?" पैशात बघितलं तर रेल्वेचा पास आणि शेअर रिक्षा ह्याच्यापेक्षा स्वस्त काहीच नाही, गाडीचा हप्ता धरला तर इलेक्ट्रिक पण नाही. मी गाडी घेतली ती रोजचे दोन तास परत मिळवायला. माझा मुलगा चौथीत आहे, सकाळी त्याचा डबा मी घाईत भरायचे आणि रात्री त्याचा अभ्यास झोपेत घ्यायचे. तो हिशोब पासाच्या किमतीत मांडता येत नाही. पण एकदा रस्त्यानंच जायचं ठरलं की मग पेट्रोल का इलेक्ट्रिक ह्याचा हिशोब मात्र नीट रुपयात केला, तो पुढे लिहिते.

शोधायला सुरुवात केली डिसेंबर २०२४ मध्ये. सगळ्यात आधी जी गाडी दाखवली गेली ती होती साठ-बासष्ट हजाराची, "ताई लायसन नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको." ऐकायला छान वाटतं. पण लायसन का नको तर ती कायद्यानं मोटारगाडी धरतच नाहीत, २५० वॅटची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला स्पीड अशी ती अट आहे. गावात भाजी आणायला, मुलांना क्लासला सोडायला ठीक आहे, आमच्या गल्लीत दोघा-तिघांकडे आहे आणि ते खूशही आहेत. पण मागून केळीचा भरलेला ट्रक ऐंशीनं येतोय आणि आपण पंचविसात, हे हायवेवर चालणारच नाही. आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये लेड-अॅसिड बॅटरी असते, इन्व्हर्टरला असते तशीच, जड आणि रोज पूर्ण उतरवली की लवकर बसणारी. तिथंच नाही म्हटलं. अजून एक दुकानदार म्हणाला की कंट्रोलरची वायर बदलून पन्नासनं पळवून देतो, म्हणजे बिनपासिंगची गाडी पन्नासनं हायवेवर, अपघात झाला तर इन्शुरन्स पण नाही. कृपा करून असल्या भानगडीत कोणी पडू नका.

मग आल्या खऱ्या गाड्या, ज्यांना हिरवी नंबरप्लेट मिळते. चेतक, आयक्यूब, एथर, विडा, ओला, सगळ्यांची माहितीपत्रकं गोळा केली आणि घरच्या डायनिंग टेबलावर पसरली. आमचे सासरे, सगळे त्यांना आबा म्हणतात, ते भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधून रिटायर झालेत. त्यांनी चष्मा लावला आणि प्रत्येक कागदावर एकच आकडा पेनानं गोल केला, बॅटरी किती किलोवॅट-अवरची. बाकी म्हणाले नंतर बघू. त्यांनी मला जे समजावलं ते इतकं सोपं होतं की इथं लिहितेच. एक किलोवॅट-अवर म्हणजे आपल्या लाईट बिलातलं एक युनिट. म्हणजे ३.५ ची बॅटरी म्हणजे साडेतीन युनिटाची टाकी. आता ही टाकी किती किलोमीटर पुरते हे गाडी कशी चालवता त्यावर. कागदावर जी आयडीसी रेंज लिहिलेली असते ती लॅबमधल्या ठरलेल्या टेस्टची असते, त्यात सरासरी स्पीड गावातल्यासारखा कमी असतो, म्हणून हायवेवाल्यानं तो आकडा डोक्यातून काढूनच टाकायचा. आबांनी अंदाज दिला होता की पंचावन्नच्या स्पीडला किलोमीटरला ३० वॅट-अवर धर (हजार वॅट-अवर म्हणजे एक युनिट) आणि सत्तरला चाळीसच्या वर. आज दहा महिन्यांनी सांगते, तो अंदाज जवळजवळ तंतोतंत निघाला.

ह्या हिशोबानं माझं रोजचं ४६ किलोमीटर म्हणजे साधारण दीड युनिट. २.२ च्या लहान बॅटरीतही हे कागदावर बसत होतं आणि ती गाडी वीसेक हजारानं स्वस्त होती. मोह झाला. पण मी बाईमाणूस, थंडीत सात वाजता काळोख, वाघूरच्या पुलाच्या अलीकडे-पलीकडे रस्ता कसा सुनसान असतो ते मला माहितीये. लाईट गेली म्हणून रात्री चार्ज झाली नाही, ऑफिसातून अचानक गावात बँकेत जावं लागलं, समोरून वारा असला, हे सगळं एकाच दिवशी आलं तरी घरी पोचले पाहिजे. म्हणून ठरवलं की रोजच्या गरजेच्या दुप्पट बॅटरी, म्हणजे साडेतीनच्या आसपास, त्याखाली नाही. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो आणि हायवेनं जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते.

खरी माहिती मिळाली ती शोरूममध्ये नाही, पार्किंगमध्ये. जळगावला काव्यरत्नावली चौकात, कोर्टाच्या बाहेर, आमच्या एमआयडीसीत, जिथं हिरवी प्लेट दिसली तिथं मालक येईपर्यंत थांबायचे. पहिल्यांदा लाज वाटली, नंतर कळलं की इलेक्ट्रिकवाल्यांना बोलायला आवडतं. एक सर भेटले, पाळधीहून रोज जळगावला येणारे, त्यांची गाडी २३ हजार किलोमीटर चाललेली. त्यांनी सरळ गाडी चालू करून मीटर दाखवलं आणि म्हणाले नवी होती तेव्हा शंभर टक्क्यात ९५ किलोमीटर जायची, आता ८८ जाते, सीट एकदा बदललं, बाकी ब्रेक आणि टायर. एक डिलिव्हरी करणारा मुलगा भेटला, तो दिवसाला सव्वाशे किलोमीटर करतो, त्यानं मला एक प्रश्न शिकवला. म्हणाला ताई, शोरूमवाल्याला विचारू नका सर्व्हिस कशी आहे, सर्व्हिसच्या शेडमध्ये जाऊन बघा किती गाड्या धूळ खात उभ्या आहेत आणि त्यांच्या मालकाला किती दिवस झाले ते विचारा.

तसंच केलं. चार ठिकाणी शनिवारी सकाळी जाऊन नुसती बसले. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) फीचर्स सगळ्यात भारी, स्क्रीन मोठी, किंमत कमी, पण शेडमध्ये अकरा गाड्या आणि त्यातल्या एका काकांची गाडी तेवीस दिवसांपासून कुठल्यातरी पार्टसाठी अडकलेली, काका रोज येऊन बसत होते. दुसऱ्या ठिकाणी सेल्स जळगावात, पण बॅटरीचं काम निघालं तर माणूस बाहेरगावाहून येणार. मला रोज साडेआठला हजेरी लावायचीये, गाडी तीन आठवडे नसली तर मी परत रिक्षाच्या रांगेत. त्या शनिवारी माझ्या यादीतून दोन गाड्या गेल्या आणि त्या दोन्ही मला दिसायला सगळ्यात जास्त आवडलेल्या होत्या. जी घेतली तिचं सर्व्हिस सेंटर माझ्या कंपनीपासून चार किलोमीटरवर आहे, निवडीत सगळ्यात जास्त मार्क ह्यालाच दिले. कोणती गाडी ते मुद्दाम लिहीत नाही, नाव लिहिलं की बाकीचं सगळं बाजूला राहून त्या नावावरच वाद होतो, आणि तुमच्या गावात त्याच कंपनीची सर्व्हिस वेगळी असू शकते.

वॉरंटी बघताना एक गंमत कळली, ती अकाउंट्सवालीला लगेच दिसली. "८ वर्षं किंवा ८०,००० किलोमीटर" असं लिहिलेलं असतं, काही कंपन्या जास्तीचे पैसे घेऊन देतात. सगळे आठ वर्षं आठ वर्षं म्हणतात. पण माझं वर्षाचं चालणं १५ हजार, म्हणजे ८०,००० किलोमीटर सव्वापाच वर्षांत संपतात. माझ्यासाठी ती सव्वापाच वर्षांचीच वॉरंटी. साधी जी असते ३ वर्षं किंवा ५०,००० किलोमीटरवाली, त्यात मात्र माझी वर्षं आधी संपतात. तुमचं रोजचं चालणं घेऊन भागाकार करून बघा, कोणती अट आधी लागते ते कळतं. आणि दुसरं विचारायचं ते हे, की बॅटरी किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देणार, ते कागदावर आहे का. काही ठिकाणी ७० टक्के स्पष्ट लिहिलेलं असतं, काही ठिकाणी नुसतं "मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट". ह्या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

उन्हाळ्याची भीती मला सगळ्यात जास्त होती. भुसावळचा मे महिना म्हणजे काय ते खान्देशाबाहेरच्यांना सांगून कळत नाही, ४५ च्या पुढे पारा, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी गाड्यांना आगी लागल्या होत्या, ते व्हिडिओ घरात सगळ्यांनी बघितलेले, सासूबाई तर म्हणायच्या, "माय वं, घरात आगीचा गोळा कशाला आणू राह्यली?" मी त्यांना नुसतं काही होत नाही म्हटलं नाही, माहिती काढली. त्या आगींनंतर सरकारनं बॅटरीचा एआयएस-१५६ हा नियम कडक केला, पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून, त्यात एक सेल तापून पेटला तरी गाडीवरच्या माणसाला वेळेत सूचना मिळाली पाहिजे वगैरे अटी आल्या. म्हणून सेकंडहँड घेणाऱ्यांनी त्याच्या आधीच्या गाड्या जपून बघाव्यात. बॅटरीत पण दोन जाती आहेत, एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली) आणि एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेटवाली). एलएफपी उष्णतेला जास्त दमदार आणि जास्त वेळा चार्ज सहन करते, पण तेवढ्याच युनिटाला वजन आणि जागा जास्त. मला एलएफपी हवी होती, पण माझ्या बाकीच्या अटीत बसणारी मिळाली नाही. एनएमसीच घेतली, आणि मग ठरवलं की उन्हाळ्यात तिची काळजी आपण घ्यायची.

टेस्ट राईडला शोरूमचा मुलगा म्हणाला चौकातून वळून या. मी म्हटलं नाही, नशिराबादपर्यंत जाऊन येते, नवरा मागे बसेल. का कू केलं पण दिली. माझं म्हणणं एवढंच की ज्या रस्त्यावर रोज चालवायचीये त्याच रस्त्यावर चालवून बघा, दोघं बसून, पुलाच्या चढावर. एका गाडीत सत्तरला गेल्यावर हँडल हलकं वाटत होतं आणि ट्रक शेजारून गेला की गाडी सरकायची, ती बाद झाली. चौकातल्या चक्करमध्ये हे कधीच कळलं नसतं.

फेब्रुवारीच्या शेवटी गाडी ठरली. तेव्हा केंद्र सरकारच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेची सबसिडी किलोवॅट-अवरला ५,००० आणि गाडीला जास्तीत जास्त १०,००० होती आणि १ एप्रिल २०२५ पासून ती बरोबर अर्धी होणार होती, २,५०० आणि कमाल ५,०००. म्हणून मार्चमध्ये घ्यायचीच. त्यात गुढीपाडवा आला ३० मार्चला, रविवारी. अख्ख्या जळगाव जिल्ह्याला त्याच दिवशी गाडी पाहिजे! कोटेशन हातात आल्यावर ओळ न ओळ वाचली, सवयच आहे. "हँडलिंग चार्जेस २,५००" अशी ओळ होती, विचारलं हे कशाचे, तर म्हणाले सगळ्यांनाच लागतात. मी म्हटलं कशाचे ते लिहून द्या मग देते. दोन मिनिटांत ती ओळ गेली. चार्जर किमतीत धरलाय का वेगळा, अॅपचं सबस्क्रिप्शन किती वर्षं फुकट आणि नंतर न भरल्यास काय काय बंद पडतं, हे पण तिथंच लिहून घेतलं. रोड टॅक्स लागला नाही, इन्शुरन्स एक वर्षाचा गाडीचा आणि पाच वर्षांचा थर्ड पार्टी. सबसिडीसाठी तेव्हा आधारवर ई-व्हाउचर निघायचं, त्यावर माझी सही, शोरूमची सही आणि गाडीबरोबर फोटो. एका आधारवर एकच गाडी मिळायची, म्हणून घरात कोणाच्या नावावर घ्यायची ते आधी ठरवलं. सगळं धरून १ लाख ३२ हजार पडले, ४५ हजार रोख आणि बाकी बँकेचं लोन. पाडव्याच्या सकाळी आबांनी हिरव्या प्लेटला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, लिंबं चाकाखाली. गाडी घरी आली.

आणि पहिल्याच रात्री चार्ज होईना.

चार्जर लावला की लाल लाईट, स्क्रीनवर एरर. गाडी तर शंभर टक्के नवी. रात्री साडेनऊला शोरूमवाल्याला फोन, तो म्हणाला सकाळी आणा, चार्जर बदलून बघू. मला रडूच यायला लागलं होतं, सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर सगळं होतं. आबा मात्र उठले आणि माळ्यावरून त्यांचा टेस्ट लॅम्प काढला, म्हणजे साधा होल्डर, शंभरचा बल्ब आणि दोन वायरी, टोकं उघडी. घरापुढच्या ओट्यावरच्या ज्या सॉकेटला गाडी लावली होती तिथं त्यांनी एक वायर फेजला आणि एक न्यूट्रलला लावली, बल्ब लख्ख. मग न्यूट्रलची वायर काढून वरच्या मोठ्या भोकात, म्हणजे अर्थिंगला लावली. बल्बातली तार नुसती लालसर झाली, देव्हाऱ्यातल्या उदबत्तीच्या टोकासारखी, आणि तेवढीच राहिली. आबा बराच वेळ त्या तारेकडे बघत बसले. मग म्हणाले, "गाडी बरोबर सांगू राह्यली. आपल्या घराला अर्थिंगच नाही."

घर १९९१ चं. तेव्हा केलेली अर्थिंगची पट्टी जमिनीत गंजून खाऊन गेली होती आणि आम्हाला इतकी वर्षं पत्ता नाही. फ्रीजला हात लावला की कधीकधी झिणझिण्या यायच्या, आम्ही म्हणायचो पायात चप्पल नाही म्हणून. मुलगा त्याच फ्रीजमधून रोज पाण्याची बाटली काढतो. इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर अर्थिंग नसेल तर चार्ज करायला सरळ नकार देतो, सगळे नाही पण चांगले देतात, आणि त्या नकारामुळे आम्हाला घरातलं हे कळलं. दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावला, मागच्या अंगणात माणूसभर खड्डा, त्यात पाईप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वरून पाणी. साडेचार हजार गेले. संध्याकाळी परत तोच बल्ब लावला तर अर्थिंगवरही लख्ख. चार्जरचा लाईट हिरवा. आमची काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि मग अर्थिंग परत कमजोर पडते, म्हणून दर रविवारी आबा त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततात. गाडी बुक करायच्या आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, हे मी आता भेटेल त्याला सांगते. त्याच वेळी चार्जिंगसाठी मोठा सॉकेट वेगळ्या एमसीबीवर काढून घेतला. गाडीचा चार्जर साडेतीन अँपिअरच घेतो, इस्त्रीपेक्षा कमी, पण इस्त्री दहा मिनिटं चालते आणि हा चार-पाच तास, सैल सॉकेट असलं तर तेवढ्या वेळात तापतं.

पहिला मे महिना कसा गेला ते लिहिते, कारण इथल्या लोकांना तेच जाणून घ्यायचं असतं. कंपनीत पार्किंगला पत्र्याचं शेड आहे, ते दुपारी भट्टी होतं. मी वॉचमनदादांना विचारून गाडी मागच्या कडुनिंबाखाली लावायला लागले. एक दिवस ती जागा गेली होती म्हणून गाडी उन्हात राहिली आणि त्याच दिवशी मला दुपारी अडीचला निघावं लागलं, शाळेतून फोन आला होता. नशिराबादच्या पुढे गाडीनं बॅटरी गरम झाल्याचा इशारा दिला आणि ताकद कमी केली, पंचेचाळीसच्या वर जाईना. बंद पडली नाही, तशीच घरापर्यंत आली. ती स्वतःला सांभाळत होती हे आता कळतं, त्या वेळी मात्र जीव मुठीत धरून आले. तेव्हापासून उन्हाळ्यात घरी आल्या आल्या चार्जिंगला लावत नाही. गाडी ओट्यावर दोन-तीन तास थंड होऊ देते, रात्री साडेदहाला लावते, रोज ८०-९० टक्क्यांवर काढते आणि पूर्ण शंभर आठवड्यातून एकदाच.

रस्ता मात्र आपल्या बाजूचा आहे. भुसावळहून जळगाव पश्चिमेला, म्हणून सकाळी जाताना ऊन पाठीवर आणि संध्याकाळी येतानाही पाठीवरच, डोळ्यावर कधीच येत नाही. वारा उलट. मे-जूनमध्ये पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा जाताना समोरून येतो. एरवी पंचावन्नच्या स्पीडला एका बाजूला २० टक्के बॅटरी लागते, वाऱ्याच्या दिवसांत २५-२६ लागते, आणि येताना तोच वारा मागून ढकलतो तर १७ मध्ये घरी. सत्तरनं नेली तर वारा नसतानाही २८ टक्के. सत्तरनं नेऊन मिनिटं वाचतात जेमतेम पाच. मी पंचावन्नवालीच.

पावसाळ्यात काही त्रास झाला नाही, फक्त साचलेल्या पाण्यात मी मुळात घालतच नाही. थंडीत सकाळी रेंज जरा कमी वाटते. शंभर टक्के चार्ज असलेल्या दिवशी पहिले काही किलोमीटर रीजन, म्हणजे अॅक्सिलरेटर सोडला की गाडी आपोआप ओढून धरते ते, जाणवत नाही, कारण भरलेल्या बॅटरीत परत वीज घालायला जागाच नसते. पहिल्यांदा त्यामुळे ब्रेक कमी लागल्यासारखा वाटून दचकले होते.

आता रुपयांचा हिशोब. आबांनी चार्जिंगच्या पॉइंटला सबमीटर बसवलाय, महिन्याला ४५ युनिटच्या आसपास जातात. लोक इथं सहा-सात रुपये युनिट धरून हिशोब करतात, तो चुकतो. महावितरणचे घरगुती दर टप्प्याचे आहेत, १०० युनिटांपर्यंत स्वस्त, त्याच्या वर जवळपास दुप्पट. आमचं कूलर-फ्रीजचंच बिल शंभर युनिटांच्या वर असतं, म्हणजे गाडीची सगळी युनिटं महागड्या टप्प्यात पडतात. तरी महिन्याचे ५५० ते ६०० रुपये. पेट्रोलचे २८०० होते. म्हणजे महिन्याला बावीसशेचा फरक, आणि तेव्हा तशाच पेट्रोल स्कूटरपेक्षा ही गाडी ३० हजारानं महाग पडली होती, तो फरक साधारण चौदा महिन्यांत निघतो. रोज दहा किलोमीटर जाणाऱ्याला हाच फरक निघायला पाच वर्षं लागतील. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, इलेक्ट्रिकचा आधीपासून ५ आहे तसाच, म्हणजे आज घेणाऱ्यानं माझे आकडे उचलू नयेत, स्वतःचे नव्यानं मांडावेत.

मीटरवर आज १२,२०० किलोमीटर आहेत. दोन सर्व्हिसिंग, मागचे ब्रेक पॅड एकदा, मागचा टायर आता बदलायला आलाय. एकदा स्क्रीन अडकली, सर्व्हिसवाल्यांनी दुपारच्या सुट्टीत अपडेट टाकून दिलं, चार किलोमीटरवर असल्याचा फायदा. सकाळी आता मी पावणेआठला निघते. मुलाचा डबा निवांत होतो, मंगळवारी तर त्याला कळण्याची भाकरी आणि ठेचा लागतो, तो पण होतो.

पुढच्या आठवड्यात नणंद येतेय पुण्याहून, तिलाही घ्यायचीये, ती तिसऱ्या मजल्यावर राहते. तिला मी फोनवरच सांगितलं की आधी सोसायटीकडून पार्किंगमध्ये तुझ्या मीटरवरून पॉइंट ओढायची लेखी परवानगी घे, आणि ती मिळत नसेल तर बॅटरी काढून वर नेता येते अशीच गाडी बघ, पण एकेक बॅटरी दहा-अकरा किलोची असते, ती शोरूममध्ये हातात उचलून जिना चढून बघ. आबांनी टेस्ट लॅम्प पिशवीत भरून ठेवलाय, ती येईल तेव्हा तिच्याबरोबर द्यायला.